विसवणाचा भाव

मडगावात, पिंपळकट्ट्याच्या मागे, जिन्याखालची जागा.
टेबल, दोन खुर्च्या, आणि पाटी:
उल्हास शिरवईकर, गुंतवणूक सल्लागार.
पाटीला आता सव्वीस वर्षं झाली.

पाटीच्या आधी नोकरी होती. साडेआठ हजार पगार,
त्यातले दोन हजार स्कूटरच पिऊन टाकायची
कुडतरी, बाणावली, चिंचिणी करत.
पॉलिस्या विकल्या त्या मावशीला,
मावशीच्या विहिणीला, न्हाव्याला.
मुलगी बघायला गेलो तर तिच्या बापाने विचारलं, किती मिळतात?
म्हटलं, बरेचसे कमिशनवर.
पोह्यांची बशी माझ्यापर्यंत आलीच नाही.

मग स्वतःचं थाटलं. पहिल्या महिन्याची कमाई
सहाशे बारा रुपये. भाडं पंधराशे.

पुढे पैसा हळूहळू मुरत गेला.
लोकांचे हप्ते दर महिन्याला जात राहिले,
त्यातला चिमूटभर माझ्याकडे गळत राहिला,
मी झोपेत असतानाही.
पंधराव्या वर्षी महिन्याला लाख ओलांडला.
घरी सांगितलं. बाहेर
कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही.

विचारलं फक्त वार्क्याच्या पिएदादबायने.
मुलगा बोटीवर, त्याचे डॉलर तिच्या नावावर.
सही करता करता पेन थांबवून म्हणाली,
"आनी हांतूंत तुका कितलें मेळटा?"
इतक्या वर्षांत असं थेट कोणी नाही.
खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. म्हटलं,
महिन्याला चारशेच्या आसपास.
तिने डोळे मिटून हिशेब केला.
"म्हणजे एक विसवण. बरी मोठी."
आणि सही केली.

तेव्हापासून दर भेटीत तेच:
तुझी विसवण केवढी झाली रे?
बाजार पडला की म्हणायची, औंदा बांगड्यांवर भागव.

गेल्या पावसाळ्यात ती गेली.
मुलगा आता इंग्लंडात, गोदामात रात्रपाळी करतो.
त्याने फोनवरच सगळं मोडलं, अॅपवर नेलं,
आभार मानले, अगदी मनापासून.
आता असे बरेच. माणसं जातात,
पैसा त्यांच्या मुलांबरोबर देश बदलतो,
आणि माझी कमाई कुठल्याच तक्त्यात नसलेल्या
चौथ्या टप्प्यात उतरते.

महिनाअखेरीच्या यादीत एक ओळ कमी.
शनिवारी मासळी बाजारात गेलो.
विसवण बाराशे किलो.
कोळीण म्हणाली, पात्रांव, घेणार की नुसता भाव विचारणार?
मी म्हटलं, भावच विचारायला आलो होतो.
मग घेतली. अर्धी.