दोन कॅन समुद्र

इतवारीच्या दुकानदाराने पाच मासे पिशवीत बांधून दिले
तेव्हा नुसतं म्हणाला, बेटावरचे आहेत, जपा.
कोणतं बेट, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
बोटाच्या दोन पेरांएवढा एकेक, नर मोरपंखी,
मादी वाळूच्या रंगाची, अंगावर दोन काळ्या रेघा.
पोटाशी पंखांची इवली वाटी, तिने दगड धरतात.
धबधब्यातही सोडत नाहीत म्हणे.

यांना वाहतं पाणी लागतं.
हेमराजने कूलरचा पंप काढला
आणि काचेच्या पेटीत एक ओढा सुरू केला.
मे महिना. पारा सेहेचाळीस.
आम्ही वाळ्याच्या ताट्यांवर तांब्याने पाणी मारत बसलो.
काऊन बाप्पा, सासरे म्हणाले,
आपल्यापेक्षा यायचीच मजा हाय.

एका सकाळी दगडाच्या खालच्या अंगाला अंडी,
खसखस सांडावी तशी. नर पहाऱ्यावर.
दुसऱ्या रात्री टॉर्चच्या उजेडात काहीतरी हललं,
पाण्याहून जरासं दाट.
डोळेसुद्धा आले नव्हते त्यांना अजून.

तेव्हा कळलं: ही पिल्लं जन्मल्या रात्रीच
प्रवाहाबरोबर समुद्रात जातात,
खाऱ्यात वाढतात, काही महिन्यांनी परततात
कुठल्याही नदीत. आईबापांच्याच असं नाही.
गोड्या पाण्यात चार दिवस. फार तर.

झीरो माइलचा खांब आमच्यापासून दोन स्टॉप.
शाळेत असताना त्याला पाठ लावून उभी राहायचे,
देशाच्या मधोमध उभी म्हणून ऐट वाटायची.
त्या रात्री नकाशावर वीत टाकत गेले.
कुठल्याच बाजूने लवकर निळं लागेना.

पातेल्यात मीठ विरघळवलं, वरणात घालतो तेच.
चाखून पाहिलं. समुद्राची चव मला कुठे माहीत.
शेजारचा गुणवंत धकाते ट्रक घेऊन
विशाखापट्टणला निघाला होता.
त्याच्याकडे दोन रिकामे कॅन दिले.
तो हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

सहाव्या दिवशी आला, भरलेले कॅन घेऊन.
पेटीतलं पाणी तिसऱ्याच दिवशी
नुसतं पाणी झालं होतं.

कॅन जिन्याखाली आहेत. झाकणं घट्ट.
वर चिठ्ठी चिकटवलीय: पिऊ नये.
एकदाच उघडून बोट बुडवलं मी,
वरणापेक्षा फार खारट. आणि जराशी डिझेलची चव,
ती गुणवंतची असेल.

आज नर पुन्हा त्याच दगडाखाली शिरलाय,
तोंडाने वाळू उपसून बाहेर टाकतोय.
हेमराज पंपाची जाळी साफ करता करता विचारतो,
समुद्र किती दिवस टिकते गं?