प्रॉम्प्टर

मुंबईहून संहिता परत आली
तेव्हा तिच्या अंगभर लाल पेनाचा गोवर उठला होता.
'तलवार' सतरा ठिकाणी काढली होती,
'म्यान' तर सगळीकडूनच.
दुसऱ्या अंकातला मुळा गेला,
वैद्याच्या खलबत्त्यातला बत्ता गेला, खल राहिला,
आणि समासात कुणीतरी नेटक्या अक्षरात विचारलं होतं:
'वांगे कशासाठी?'

शेषेराव कंपाउंडर, आमचा राजा, म्हणाला,
"आता उरलं काय? नांदी अन् आभार."
तिकिटं मात्र विकून झाली होती, एकशे बावीस,
'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का मारून.
शिक्का बटाट्यावर कोरलेला, तो दुसऱ्या दिवशी सुकला,
म्हणून शेवटच्या वीस तिकिटांवरचे प्रौढ
जरा सुरकुतलेले.

इर्शाद टेलर सुईत दोरा ओवता ओवता बोलला,
"शब्दच काढलेत ना? हातपाय तर ठेवलेत."

असा मानवतच्या जिनिंगमध्ये, हंगाम संपल्यावर,
रिकाम्या गोदामात आमचा वग मुका झाला.

तीस वर्षं मी विंगेत बसतोय.
टॉर्च, पाण्याची बाटली, गुडघ्यावर वही.
मुक्या नाटकात प्रॉम्प्टरनं काय करायचं
हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
सवयीनं जाऊन बसलो.

पडदा सरकला तसा छतातला जुना कापूस
भुरभुरत खाली आला, पहिल्या रांगेला शिंका.
मुंजाजी निर्वळ, विमा एजंट, आमची राणी,
बायकोचं इरकल नेसून
राजाकडं बघत उभा.
राजानं मुठीला हात घातला. ओढली.
आली नाही.
पुन्हा ओढली, पाय रोवून, दात खाऊन.
प्रधान मागून कमरेला धरून ओढायला लागला.

गोदामात कुणी बोलेना.
मग मधल्या रांगेतून, बहुतेक सूतगिरणीतला कुणी:
"गंजली का हो राजे?"

झालं.
"तेल लावा!" "कोणतं?" "एरंडीचं!"
"मागं बगा, वैद्य आलाय!"
"त्याची तरी निघती का इचारा!"
राणीनं परडीतनं वांगं काढलं,
काही केलं नाही, नुसतं पदरानं पुसलं, देठाकडून,
आणि तागाच्या पडद्यापलीकडून, बायकांच्या बाजूनं,
अंगणवाडीच्या चंद्रभागाबाई खणखणीत म्हणाल्या,
"भरून कर गं, तसं नाई पचायचं."

टॉर्चच्या उजेडात मी पान एकोणीस बघितलं.
लाल रेघेखाली असंच एक वाक्य होतं,
होगे मास्तरांनी रात्र जागून लिहिलेलं.
चंद्रभागाबाईंचं चांगलं होतं.
पेन्सिल काढून ते वर लिहून घेतलं.
मग तास-दीड तास लिहीतच राहिलो,
सांगणारे ते, ऐकणारा मी.

शेवटाला पलंग.
ठरलेलं असं: म्यानातून मुळा निघतो, पडदा.
मुळा निघाला नाही. खरंच अडकला,
इर्शादनं म्यान जरा जास्तच घट्ट शिवलं होतं.
शेषेराव ओढत राहिला,
हसू ओसरलं तरी ओढत राहिला,
चौपन्न वर्षांचा, घामानं मिशी अर्धी सुटलेली.
मग खाली बसला.
वाटलं, सांगावं काहीतरी. मी तोंड उघडलं,
मिटलं.

मुंजाजी येऊन शेजारी टेकला.
राजाच्या खांद्यावर कापूस साठला होता,
तो वेचायला लागला,
सवडीनं, रुईतनं सरकी काढावी तसा.
पलीकडून एक बांगडी वाजली. तेवढीच.
पेन्सिल हातात तशीच राहिली.

जनरेटरचे अठराशे अजून द्यायचेत.
इरकलीला मिशीचा डिंक लागलाय, स्पिरिटनं निघेना.
मुंजाजीची बायको दुकानावरून जाताना
इर्शादला विचारती, "दुसरा प्रयोग कधी?"
म्यान तिथंच खुंटीला आहे, मुळ्यासकट.
वास यायला लागलाय.