पाचाचे पाच

रात्री अकरानंतर मी पुलाखाली येतो.
हातगाडीवर बावीस बॅटऱ्या,
एका रात्रीचं भाडं पाच युआन,
सकाळी परत, धडधाकट.
लिउ नदीच्या धुक्यात पंधरा-सोळा पोरी, पाच-सहा पोरं,
प्रत्येकासमोर ताटाएवढा गोल दिवा
आणि दिव्याच्या पोटात फोन.
चेहरे उजळलेले, पाय गारठलेले.
फोनला पाय दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, घरी का नाही बसत?
घर बस डेपोच्या मागे.
तिथे आसपास कोण? ड्रायव्हर, भाजीवाल्या.
फोन म्हणे आधी जवळच्यांना दाखवतो,
आणि इथून नदीपलीकडे
बत्तीस मजल्यांचे सात मनोरे,
आत झोप न येणारे श्रीमंत.
म्हणजे बघा, हवेतला धंदा म्हणतात
तरी जागा मोक्याचीच लागते.
माझ्या आईनेही टोफूची टोपली
देवळापाशी नाही,
जुगाराच्या अड्ड्याच्या तोंडाशी मांडली होती.

नोंग छाइयुन तिसऱ्या खांबाशी बसते.
पूर्वी दाताच्या दवाखान्यात नंबर पुकारायची.
आता नावं पुकारते:
“पहाटेचा कोल्हा दादा, आलात? जेवलात का?”
गात नाही, नाचत नाही.
“जेवलात का” एवढंच विकते
आणि खपतं, राव!
मला तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.
तक्रार नाही. मी बॅटरीवाला.

एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.
कोणी तिला शंभराचं रॉकेट पाठवलं,
कंपनीने पन्नास कापले.
उरलेल्या पन्नासांची फुलं तिने शेजारच्या छिनवर उधळली,
गर्दी दिसावी म्हणून;
रिकाम्या खाणावळीत कोण शिरतं?
त्याच्या हाती पंचवीस.
त्याने पुढे ढकलले, तिथे साडेबारा.
फिरून पुन्हा छाइयुनकडे: सहा, वर चिल्लर.
चार ओंजळींतून पाणी गेलं,
प्यायलं कोणीच नाही,
ओंजळी ओल्या म्हणून सगळे खूश.
छिनला वही दाखवली.
“काका, तुम्हाला यातलं कळत नाही.”
खरंय. मला पाचाचे पाच तेवढे कळतात.

मग ऐन थंडीत एका रात्री
पलीकडचे मनोरे विझले.
सातही, फुंकर मारल्यासारखे.
छाइयुनच्या फोनवर तीनशे बाराचे नऊ झाले.
छिन फोन हलवत राहिला, बंद पडलेल्या घड्याळासारखा.
साऱ्या काठावर उजेड फक्त आमच्याकडे,
आणि तो माझ्या बॅटऱ्यांचा,
हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात पलीकडे, पायऱ्यांवर,
कोणीतरी घरातल्या सपाता घालून खाली उतरलं.
बाई की पुरुष, कळेना.
दोन्ही हात हलवून ओरडलं,
“ए तिसऱ्या खांबाची! जेवलीस का?”

पाण्यावरून आवाज स्वच्छ आला.
छाइयुनने मान वर केली नाही.
स्क्रीनवर तो आलाच नव्हता ना.
ती उरलेल्या नऊ जणांशी बोलत होती,
एकेकाचं नाव घेत, सावकाश,
जपून खर्च केल्यासारखी.

कोणीच बोलेना, तेव्हा मी ओरडलो,
“जेवलो! शेवया! तिखट, वर शेंगदाणे!”

बराच वेळ काही नाही.
मग पलीकडून,
“बरं.”

दीड वाजता वीज आली, मनोरे पेटले,
छाइयुनचे नऊ पुन्हा दोनशेच्या पुढे.
पायऱ्यांवर कोणी नव्हतं.
मी वही उघडली
आणि त्या “बरं”मधून कंपनीने किती कापले असते
ते मांडत बसलो.
जमेना.

सपाता मात्र ओल्या झाल्या असतील बिचाऱ्याच्या.
त्या पायऱ्यांवर पहाटेपर्यंत शेवाळ निसरडं असतं.