पालथा पेला

वरोऱ्याच्या पुढं, कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांपलीकडं आमचं गाव.
विहारातल्या लोखंडी कपाटात
वर्गणीच्या वह्यांशेजारी
लुगड्याच्या चिंधीत तो पेला असायचा.
जपानचे भन्ते तीन वर्षावास राहिले,
जाताना तेवढाच ठेवून गेले.

मालनबाईंनी तो बाबांच्या हातात दिला.
वाटलं, कुंभार माणूस, निळी फुलं बघेल.
बाबांनी हात धोतराला पुसले
आणि पेला सरळ पालथा केला.
"फुलं कोणीबी काढते. कुंभार बुडाखाली राह्यते."

बुडाची कडा उघडी, झिलई नसलेली,
तापातल्या ओठासारखी कोरडी.
तिला चिकटलेले वाळूचे दोन कण.
बाबांचा अंगठा कडेवरून फिरत राहिला.
"उलटं ठेवून तासलं हाये.
भट्टीत चिकटू नये म्हून खाली वाळू टाकली.
अन् चाक आपल्याउलट फिरलं, हे पाय."

मग नखानं टिचकी.
सायकलची घंटी वाजली,
सायकल पार वळणाआड गेल्यावर ऐकू यावी तशी.

आईनं पेला दारातल्या उन्हात धरला.
पलीकडून तिची बोटं दिसली, गुलाबी.
"रेघ एकाची हाये," ती म्हणाली, "भरण दुसऱ्याचं.
रेघ भेत नाई. भरणारीनं श्वास धरला."
"भरणारीनं काहून? भरणारा असन."
"भरणं बायायच्याच वाट्याले येते."

मी गप्प होते. भन्तेंनी सांगितलं होतं मला,
त्यांची आजी चाळीस वर्षं निळा भरायची,
मुठीएवढा जाड कुंचला, पाण्यानं गच्च,
थेंब सांडू न देता रेघेपर्यंत नेऊन परत आणायचा.
आणि तिच्याही आधी, चारशे वर्षांमागं,
लढाईत धरून नेलेले कोरियाचे कुंभार
परक्या डोंगरांत पांढरा दगड शोधत हिंडले.
तो सापडला आणि खोऱ्याला नाके बसले.
माल बाहेर जायचा, जहाजं भरभरून.
कसब जायचं नाही.

बाबांनी यातलं एकच ऐकलं.
"दगड? माती नाई?"
दगडच. ओढ्याच्या पाण्यावर उचलणारी मुसळं
रात्रंदिवस कुटतात त्याला.

दुसऱ्या दिवशी बाबा नाल्यावर गेले,
बाया भिंती सारवायला पांढरी आणतात तिथं.
पोतंभर घेऊन आले.
तीन दिवस आईच्या उखळात धपधप,
तीनदा पाणी, तीनदा लुगड्यातून गाळणं.
चाकावर ती उभीच राहीना.
आपली माती लेकरासारखी बिलगते,
ही पाहुण्यासारखी, हात काढला की बसली.
अकराव्या खेपेला एक पेला झाला,
अंगठ्याएवढा जाड, एका बाजूला कललेला.
आईनं कपड्यांच्या निळीनं मोहाची फुलं काढली.
रेघ तिचीच, भरणही तिचंच.

गोवऱ्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, रातभर आवा.
भन्ते म्हणायचे, तेराशे अंश लागतात.
आमच्या आव्यात आठशे, तेही वारा बरा असला तर.
सकाळी राखेतून पेला निघाला.
पांढरा. नुसता पांढरा.
फुलं जळून गेली होती, नीळ कुठंच नाही.
बाबांनी टिचकी मारली.
ठप्प.
आणि हातातच त्याचे दोन तुकडे.

बाबा हसले, खरंच हसले.
"त्या दगडाले तिकडचाच जाळ लागते बाप्पा."

एक तुकडा मालनबाईंच्या नातवानं, सुगतनं उचलला.
विहाराच्या फळ्यावर ओढून बघितला.
उठला.
त्यानं तारीख लिहिली. खाली लिहिलं,
रविवारी श्रमदान, टिकास आणि घमेलं आणावं.

बाबांना अक्षर येत नाही.
फळ्यासमोर उभे राहिले बराच वेळ, मान तिरपी करून,
जणू तोही पालथा घालून बघता आला असता.
मग सुगतला विचारलं,
"अजून लागन का?
उखळ धुतलं नाई अजून."