दार जरा उचलून लावायचं

टॅफ्ट गावाबाहेर तेलाचे पंप
दिवसरात्र माना हलवतात, नंदीबैलासारखे,
काहीही विचारा, हो.
त्यांच्या समोर माझं शेड.
तिथे ती ट्रेलरवरून आली,
एकोणसत्तरची चार्जर,
अंगभर कॅलिफोर्नियाची धूळ
आणि मागच्या सीटवर कोंबडीची पिसं.

मालक म्हणाला, टीव्हीवर होती ही.
इकडे दर तिसरी जुनी गाडी टीव्हीवर असते.
मीही मान हलवली.

पॉलिश पेपर घासत गेलो.
वर लाल. त्याखाली पोलिसांचा काळा-पांढरा,
त्याखाली पिवळा, मग पुन्हा लाल,
पण घाईत मारलेला, ओघळ तसेच वाळलेले.
म्हणजे सोमवारी नायकाची,
बुधवारी नायकाच्या मागावर,
शुक्रवारी दरोडेखोर घेऊन पसार.
एकच पत्रा, स्वतःच्याच पाठीस लागलेला.

डिकीत सिमेंट ओतलेलं.
उडीत नाक खाली जाऊ नये म्हणून
शेपूट जड करतात, हे नंतर कळलं.
तेव्हा मात्र छिन्नी घेऊन दोन दिवस बसलो
आणि शिव्या घातल्या,
सांगलीच्या, शुद्ध.

मग पेडल.
तिन्हींवर बोल्टने आवळलेले लाकडी ठोकळे.
नायक तर सहा फुटी.
मालकाकडे फोटो होता: छाती, मिशा,
खिडकीवर टेकवलेलं कोपर.
मग हे ठोकळे कुणाच्या पायांसाठी?

लॉरीन टिब्बेट्स. वय एक्याऐंशी.
उंची पाच फूट, बुटांसकट.
लाँड्रीत सापडली,
ड्रायरमध्ये फिरणाऱ्या चादरीकडे बघत.
"मिशीचा गोंद," पहिलं वाक्य हेच,
"उन्हात वितळून तोंडात यायचा.
चव अजून आठवते. ज्याची मिशी, त्याचं नाव आठवत नाही."

उडीबद्दल विचारलं. सगळेच विचारत असणार.
तिने एक नाणं टिचकीने उडवलं.
ते फरशीवर पडून गडगडत गेलं,
तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.
"उडीत काही नसतं रे.
आवाज थांबतो, चाकं रिकामी फिरतात.
तेवढ्यात मी रात्री काय शिजवायचं ते ठरवायचे.
खरं ते पडणं.
ते त्यांनी कधी दाखवलं नाही.
गाडी वर असतानाच कापायचे,
आणि पुढच्या क्षणी दुसरीच गाडी, धडधाकट,
वळणावरून निघून जायची.
मला मात्र दुसरी पाठ कुणी दिली नाही."

शनिवारी तिला शेडवर आणलं.
गाडीभोवती फिरली नाही, बॉनेटवर हात फिरवला नाही.
सरळ वाकली (हळूहळू, कण्यात दोन स्क्रू आहेत)
आणि दाराखालच्या पत्र्यातली घडी दाखवली,
जिच्यात मी लांबी भरणार होतो.
"ही ऑगस्टमधली. कालव्यावरची."
मग स्वतःच्या बरगडीखाली बोट ठेवलं.
"ही पण."

मालकाला गाडी नव्यासारखी हवी होती.
नव्यासारखी म्हणजे कधीच न पडलेली.
लाल मारला, तीन हात, ओघळ येऊ दिला नाही.
क्रोम असं चमकवलं की त्यात पंप डोलताना दिसावेत.
ठोकळे त्याला नकोच होते,
ते वर्तमानपत्रात गुंडाळून लॉरीनला नेऊन दिले.
तिने ते खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत लावले,
लगेच, माझ्यादेखत.
घडी तशीच ठेवली. बिलात लिहिली नाही.

न्यायला आला तेव्हा तो दार लावत होता,
एकदा, दोनदा, मग जोरात.
लागेना.
म्हटलं, आपटू नका.
जरा वर उचला, कमरेने रेटा. हं, असं.
ऑगस्टपासूनची सवय आहे तिला.

कुठल्या ऑगस्टपासून, त्याने विचारलं.
मी चावी त्याच्या हातात दिली.