आतला बूट

पहिली गोष्ट, ड्वाइट म्हणाला,
बूट रात्रभर गाडीत ठेवायचे नाहीत.

रटलंडमधलं त्याचं दुकान, मेणाचा वास,
आणि स्टुलावर माझी लेक, अनवाणी, तेरा वर्षांची.
नालबंदानं घोड्याचा खूर घ्यावा
तसा तिचा पाय त्यानं मांडीवर घेतलेला.
बोटं गारठतात ती बर्फानं नाही, म्हणाला, घामानं.
दहा वाजेपर्यंत मोजा भिजतो,
मग दिवसभर ती ओल गोठत बसते.
आणि सहज, माझ्याकडं बघून:
घरात आणखी कुणाला आहे का हे?

मी हातमोजे काढले नव्हते.
दुकानात हीटर होता, तरी.

आहे.
ना आईला होतं ना अप्पांना,
आमच्यात ते माझ्यापासूनच सुरू झालं.
इचलकरंजीत, दहावीच्या पेपराला,
मनगटाखाली रुमाल घेऊनही
भूमितीचं वर्तुळ पसरलं.
नव्या चपलेवर आठवड्यात पाच बोटांचा काळा ठसा,
कुणाच्याही दारात काढली तरी
कुठली माझी ते कळायचं.
शकूमावशीनं तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून बसवलं,
महिनाभर, न्हाणीघराचं दार लावून.
आणि कन्यादानाला ओंजळीवर पाणी सोडलं
तेव्हा सगळे रडत होते, मला हायसं वाटत होतं:
आता यातलं माझं कुठलं, कुणाला कळणार नाही.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही डोंगरावरून घरी येतो.
ती आंघोळीला पळते, मी तळघरात.
चार बकलं उघडायची,
जीभ पुढं ओढायची, टाच धरायची
आणि फणसातून गरा काढावा तसा
आतला बूट उपसून काढायचा.
वासही फणसासारखाच, जिन्यापर्यंत जाणारा.
त्याच्या तळाशी सुकतळा.
काय नाव ठेवलंय. सुका म्हणे.

पहिल्या वर्षी मी ते लाकडाच्या शेगडीजवळ ठेवले होते.
एकाची टाच वितळून वाकडी झाली,
त्याचे किती डॉलर गेले
ते नवरा अजून बोलून दाखवत नाही, म्हणजे आठवतं त्याला.
आता फक्त छोटा पंखा, गार हवेचा,
आणि गावचा पेपर, चुरगाळून, बोटांपर्यंत कोंबून:
बर्फ उपसायच्या यंत्रांचा सेल,
हायस्कूलच्या हॉकीचा निकाल,
मिसेस पेल्टियर, वय ब्याण्णव, झोपेतच गेल्या.
तासाभरानं काढला की जड लागतो.
मग दुसरा, रविवारची पुरवणी.

नीरजा. पाण्यातून जन्मलेली.
नाव तिच्या आजोबांनी ठेवलं, फोनवरून,
काहीही ठाऊक नसताना.

मागच्या शनिवारी, गाडीत चार मुली कोंबलेल्या,
आणि ही मोठ्यानं सांगते:
माझे पाय म्हणजे नुसती दलदल!
रात्री तळव्यांना रोल-ऑन लावते मी, काखेत लावतात तोच.
मला वाटलं आता गाडीत शांतता पसरेल.
एक म्हणाली, कुठला ब्रँड?
दुसरी म्हणाली, माझ्या मोज्यांचा वास घेऊन बघ, बघच,
आणि खरंच एक मोजा फिरला, किंचाळत सगळ्यांकडून,
पुढच्या सीटपर्यंत आला.
माझ्या हाताखाली स्टिअरिंग ओलं होतं.
मी खिडकी उघडली, एवढंच.

आज पहाटे पारा उणे चारवर.
ओट्यापाशी खुर्चीवर बसून तिनं पाय आत सारला,
डोळे मिटले.
कोरडा? मी विचारलं.
टोस्ट, ती म्हणाली.
बकलं लावून हात पुढं केला, उठव म्हणून,
त्या बुटांत कुणालाच आपलं आपण उठता येत नाही.
मी सवयीनं तळवा पॅंटला पुसायला गेले
तोवर तिनं तो धरलाही होता.
तिचाही ओला.
साबणासारखे निसटले दोन्ही,
धप्पकन बसली ती परत, हसत सुटली.
दुसऱ्या वेळी मी मनगट धरलं.