तक्रार : छप्पर उघडत नाही

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत,
टायरवाला आणि काचवाला यांच्या मधे
आमचा गाळा.
ऑगस्टची दुपार. पाना उन्हात राहिला
की उचलताना हाताला चावतो.

तेव्हा ती आली. गाडी म्हणतोय मी.
बुटकी, रुंद खांद्यांची, मोत्याच्या रंगाची,
वर तपकिरी कापडी छप्पर.
बॉनेट उघडलं तर इंजिन एवढंसं,
चौदाशे सीसीसुद्धा भरत नाही.
शिहाब हसला, उस्ताद, हा तर विहिरीवरचा पंप!
म्हटलं, हसू नकोस, टर्बो आहे.
आपणच टाकलेल्या उच्छ्वासावर पातं फिरवतं
आणि त्याच्या जोरावर जादा श्वास ओढतं.
अशी माणसंही असतात.
सपाटीवर ओळखू येत नाहीत,
चढ लागला की कळतात.

मालकीण झुवैनाबाई, पासष्टीच्या पुढच्या,
शाळेत भूगोल शिकवायच्या.
चावी टेबलावर आपटून,
हिंदी, अरबी, स्वाहिली एका ताटात कालवून म्हणाल्या,
"दोन गॅरेज झाली. एक म्हणतो मोटर, एक म्हणतो पंप.
सातशे रियाल सांगतात.
सात महिने डब्यात बसून फिरतेय मी.
डबाच हवा होता तर निम्म्या किमतीत मिळाला असता."

बटण दाबलं. काचा खाली आल्या,
छप्पर ढिम्म.
फ्यूज पाहिले, तेल पाहिलं, रिले बदलला.
मोटरीला कान लावला.
तिला कुणी निरोपच दिलेला नव्हता.

तीन वाजता घाम पुसायला
डिकीच्या काठावर टेकलो, तर आत वॉकर.
घडीचा, ॲल्युमिनियमचा, पायांत रबरी बूट,
दांड्याला औषधांची पिशवी.
त्याला जागा व्हावी म्हणून कुणीतरी
डिकीतला आडवा पडदा वर ढकललेला.

पडदा खाली नसेल तर छप्पर हलत नाही,
कारण घडी होऊन ते तिथेच झोपतं.
गाडी शहाणी,
अंथरूण दिसल्याशिवाय पाय पसरत नाही.

वॉकर काढला. पडदा ओढला. बटण.
कापड उठलं, दुमडलं, मागे वळून निजलं,
अठरा सेकंद,
आणि सीटवर बसल्या बसल्या
मला आमच्याच गाळ्याचा पत्रा दिसला,
खिळ्यांच्या भोकांतून येणारं ऊन दिसलं.
नऊ वर्षांत वर बघितलं नव्हतं.

बाई बराच वेळ वॉकरकडेच बघत होत्या.
"नवऱ्याचा आहे. रविवारी फिजिओला नेते त्याला.
म्हणजे आता एक तर हा, नाही तर आकाश?"

उत्तर शिहाबने दिलं, वीस वर्षांचं पोर.
वॉकर उचलून मागच्या सीटवर उभा केला,
वरून पट्टा लावला.
चार पाय, दोन हात, डोकं नाही,
पण ऐट नवरदेवाची.

बिलाचा कागद पुढे ओढला.
पडदा ओढायचे काय लावतात?
काचेआडून अरबाब बघत होता.
लिहिलं, तपासणी, दोन रियाल.
बाईंनी पाच ठेवले.
म्हणाल्या, चल, तपासून तर घे.

चव्वेचाळीस अंशांत, उघड्या डोक्याने
आमरातच्या घाटाला लागलो.
इथे कुणी घाट म्हणत नाही, मी म्हणतो.
स्टिअरिंग बाईंच्या हातात.
दुसऱ्या वळणावर इंजिनाने श्वास घेतला,
बारीक शीळ ऐकू आली
आणि माझी पाठ सीटला चिकटली.
दोन ट्रक मागे पडले.
ट्रकवाल्यांनी वॉकरला हॉर्न दिला.

टाळू भाजत होती.
गावी माझ्या घराचा स्लॅब पडला
तो मी फोटोत पाहिलाय.
चांगला आहे म्हणतात, गळत नाही.

"बंद करू?" बाईंनी विचारलं.
म्हटलं, वरच्या वळणापर्यंत राहू द्या.